शिवसागरावरच्या लाँचवर डिझेल जनरेटर : बसवण्यापासून पावसाळी मुक्कामापर्यंत

बोटीवरच्या जनरेटरविषयी जे काही वाचायला-ऐकायला मिळतं ते बहुतेक समुद्राचं असतं. त्यातला बराच सल्ला शिवसागराच्या काठावरच्या तापोळा-बामणोलीला जसाच्या तसा चालतो. काही मात्र आपल्याकडे बिनकामाचा आहे, आणि एक-दोन बाबतींत सरळ धोक्याचा. कोयनेच्या जलाशयाचं, म्हणजे शिवसागराचं, पाणी गोडं आहे. त्याची पातळी उन्हाळ्यात खाली जाते आणि काठाचा चिखल उघडा पडतो. पावसाळ्यात तर बोटिंगच बंद असतं आणि जनरेटरचा सेट दमट हवेत नुसता पडून राहतो. या तीन गोष्टी डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

हा लेख छताची, केबिनची लाँच किंवा तरंगतं हॉटेल चालवू पाहणाऱ्यांसाठी आहे. मुनावळ्याचा जलपर्यटन प्रकल्प २०२४ साली सुरू झाल्यापासून बोटीवर फ्रिज हवा, एसी हवा, अशी विचारणा वाढली आहे. वासोटा किल्ल्याला माणसं सोडून परत आणणाऱ्या साध्या लाँचला यातलं काही लागत नाही.

आधी हिशेब, मग दुकान

दिवे, पंखे, मोबाईल चार्जिंग आणि गाणी एवढंच असेल तर जनरेटर घेऊ नका. छतावर सोलर पॅनेल, खाली बॅटरी आणि इन्व्हर्टर यात भागतं, आवाज नाही आणि दर महिन्याला ऑइलचा खर्चही नाही. एसी, इंडक्शन शेगडी, मोठा फ्रिज यांतलं काही लागणार असेल तरच पुढे चला.

एक नमुना हिशेब करू. एलईडी दिवे मिळून ८० वॅट, चार पंखे २४० वॅट, फ्रिज १५० वॅट, दीड टनाचा एसी साधारण १६०० वॅट, अर्धा एचपीचा पाण्याचा पंप ५०० वॅट. बेरीज झाली २५७० वॅट. पण मोटर सुरू होताना क्षणभर चार-पाच पट करंट ओढते, म्हणजे पंप सुरू होताना ५०० चे २००० वॅट धरायचे. ५ केव्हीएचा सेट ०.८ पॉवर फॅक्टरला ४ किलोवॅट देतो, म्हणजे वरच्या यादीला तो जेमतेम पुरतो. मात्र पंप आणि मिक्सर एकाच वेळी लावायचे नाहीत, आणि एसी चालू होत असताना पंपाचं बटण दाबायचं नाही.

‘असू दे थोडा मोठा’ म्हणून १० केव्हीए घेणारे पुष्कळ. डिझेल इंजिनाला उपाशी चालवलेलं सोसत नाही. ३० टक्क्यांच्या खाली लोडवर तासन् तास चाललं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळं चिकट तेल गळू लागतं आणि पिस्टनच्या रिंगांवर काजळी धरते. वरच्याच बोटीवर रात्री फक्त फ्रिज, पंखे आणि दिवे राहिले की लोड ४७० वॅट, म्हणजे ५ केव्हीएच्या सेटलाही जेमतेम १२ टक्के. म्हणून रात्रीसाठी बॅटरी-इन्व्हर्टर ठेवाच. संध्याकाळी एसी आणि स्वयंपाकाच्या वेळी सेट चालवायचा, त्याच वेळात बॅटरी भरून घ्यायची आणि दहाच्या आत बंद करायचा. पलीकडच्या काठाला कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथल्या रात्रीत तुमचा सेट धडधडत राहायचं काही कारण नाही.

सेट १५०० आरपीएमचा घ्यावा की ३०००चा? दोन्ही ५० हर्ट्झच देतात. ३०००चा हलका, लहान आणि स्वस्त, पण कर्कश आणि लवकर झिजणारा. जागा असेल तर १५००. डिझेल इंजिनं आपल्या भागाला नवी नाहीत, साताऱ्यात कूपरची इंजिनं बनतात. कोणत्याही कंपनीचा घ्या, पण साताऱ्यात किंवा कऱ्हाडला ज्याचे पार्ट आणि मेकॅनिक मिळतात तोच घ्या. घाट उतरून मेकॅनिक येईपर्यंत तुमचा शनिवार-रविवार गेलेला असतो.

पेट्रोलवर चालणारा हातात उचलायचा छोटा जनरेटर बोटीवर आणूच नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते.

कागद

प्रवासी बोटीची नोंदणी आणि सर्व्हे देशांतर्गत जलयान कायदा, २०२१ खाली येतो आणि आपल्याकडे ते काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. सेट बसवला की बोटीचं वजन आणि तोल बदलतो, त्यामुळे सर्व्हेअरला बसवण्याआधीच विचारा. सेट घेताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चालू मानकाची प्लेट बघा. १ जुलै २०२३ पासून नवं, कडक मानक लागू आहे. कॅनॉपीतल्या, म्हणजे आवाज अडवणाऱ्या बंद पेटीतल्या, सेटला एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे.

जागा आणि फाउंडेशन

५ केव्हीएचा सेट, ६० लिटर डिझेल आणि बॅटरी मिळून पावणेतीनशे किलोपर्यंत वजन जातं. हे चार माणसांचं वजन झालं, आणि ते प्रवासी संख्येतून वजा करायचं. चारी जागा भरून वर सेट, हा हिशेब पाण्याला मान्य नसतो.

वजन जितकं खाली आणि मधोमध, तितकं चांगलं. मागच्या टोकाला ठेवला तर नाक वर होतं, एका अंगाला ठेवला तर बोट कायमची कललेली राहते. बसवण्यापूर्वी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या गोण्या त्या जागी ठेवून, बोट पाण्यात सोडून बघा.

फाउंडेशन नुसत्या फळीवर करायचं नाही. बोटीच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या तुळयांवर आडवे चॅनेल टाका, त्यावर रबर माउंटिंग आणि त्यावर सेट. माउंटिंगवर सेट थोडा हलणारच, म्हणून त्याला जोडणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे डिझेलचा पाइप, पाण्याचा होज, सायलेन्सरचा पहिला तुकडा आणि वायर, लवचीक असली पाहिजे. खाली पत्र्याचा काठ असलेला ट्रे द्या. ऑइलचा थेंब तळात गेला की तिथलं पाणी पंपाने बाहेर, जलाशयात जातं. कोयनेचं हे पाणी पुढे कऱ्हाडला कृष्णेत मिसळतं आणि सांगलीपर्यंत लोक ते पितात.

चारी बाजूंनी हात शिरेल एवढी जागा ठेवा. ऑइल फिल्टर, डिपस्टिक, इम्पेलरचं (पाणी ओढणाऱ्या रबरी पाकळ्यांच्या चक्राचं) झाकण आणि बेल्ट यांच्यापर्यंत हात पोहोचत नसेल तर त्यांची निगा कोणी राखणार नाही, मॅन्युअलमध्ये काहीही लिहिलेलं असो.

थंड कसा ठेवायचा

इथे समुद्राचा सल्ला आणि आपली गरज यांची फारकत सुरू होते.

मरीन सेटमध्ये दोन पाणी असतात. इंजिनात फिरतं ते कूलंट. बाहेरचं पाणी रबराच्या इम्पेलरने ओढून, कूलंटची उष्णता काढून घेणाऱ्या हीट एक्स्चेंजरमधून फिरवलं जातं आणि शेवटी धुरात मिसळून बाहेर फेकलं जातं. समुद्रावर ही पद्धत उत्तम. आपल्याकडे फेब्रुवारीपर्यंत काही त्रास नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं आणि बोट उथळात उभी राहिली की तीच नळी गाळ ओढते. गाळणी तुंबते, इम्पेलर कोरडा फिरतो, आणि कोरडा फिरला की काही सेकंदांत त्याच्या पाकळ्या जायला लागतात. तुटलेल्या पाकळ्या पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात. नवा इम्पेलर टाकूनही सेट तापत असेल तर जुन्याच्या पाकळ्या मोजून पाहा. जितक्या कमी, तितके तुकडे आत आहेत.

दुसरा मार्ग म्हणजे कील कूलिंग. बोटीच्या तळाला बाहेरून पाइप किंवा चॅनेल बसवायचा आणि कूलंट त्यातूनच फिरवायचं. बाहेरचं पाणी आत येतच नाही, त्यामुळे गाळाची कटकट नाही, गाळणी नाही आणि त्या बाजूचा इम्पेलरही नाही. गढूळ नदीतल्या कामाच्या बोटींवर हेच वापरतात. नव्याने लोखंडी किंवा फायबरची बोट बांधत असाल तर माझा कौल यालाच. अट एकच, पाइपला बाहेरून संरक्षक पट्टी द्यायची, कारण या जलाशयाखाली जुनी गावं आणि झाडांचे बुंधे आहेत.

तिसरा प्रकार डेकवर ठेवलेला जमिनीवरचा कॅनॉपी सेट, हवेवर किंवा रेडिएटरवर थंड होणारा. समुद्रावर हे वेडेपण ठरेल, खारी हवा त्याला दोन वर्षांत खाऊन टाकते. गोड्या पाण्यावर मात्र तो चालतो. तो पट्ट्यांनी नव्हे, बोल्टने बांधा. गरम हवा बाहेर पडते त्या तोंडासमोर भिंत नको, नाहीतर तीच हवा फिरून आत येते. आणि वजन वर गेल्यामुळे डोलणं वाढेल, त्याची तयारी ठेवा.

ॲनोडची गोष्ट इथेच सांगतो. गंज बोटीच्या धातूला न लागता आधी ॲनोडला लागावा म्हणून हीट एक्स्चेंजरमध्ये आणि तळाला एक बळीचा धातू बसवतात. दुकानदार जस्ताचा देतो, कारण समुद्रावर तोच चालतो. गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा धरतो आणि तो काम करायचं थांबवतो. वर्षभर जसाच्या तसा दिसणारा ॲनोड बघून ‘झिजला नाही, छान’ असं म्हणू नका. गोड्या पाण्यात तळाला मॅग्नेशियमचा ॲनोड लागतो. इंजिनाच्या आतल्यासाठी कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे जा. लाकडी बोटीला तळाशी गरजेपेक्षा जास्त ॲनोड ठोकू नका, त्याने आजूबाजूचं लाकूड मऊ पडतं.

धूर

डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, नसतो असं नाही. त्याला वास नाही, रंग नाही. बोट हळू चालताना किंवा वारा मागून असताना मागे सोडलेला धूर पडद्यांच्या केबिनमध्ये ओढला जातो. झोपायची सोय असलेल्या प्रत्येक केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. धुराच्या अलार्मने हे काम होत नाही.

कोरडा सायलेन्सर असेल तर पाइपवर उष्णतारोधक दोरी किंवा जॅकेट हवंच. लोडवर तो पाइप काही शे अंशांपर्यंत तापतो आणि लाकडाला, ताडपत्रीला टेकला तर पेटायला वेळ लागत नाही.

पाणी मिसळलेला ओला सायलेन्सर असेल तर दोन गोष्टी सांभाळा. पाणी मिसळण्याची जागा बोटीच्या जलरेषेच्या खाली किंवा जेमतेम वर असेल तर अँटी-सायफन व्हॉल्व लागतो, नाहीतर बंद सेटमध्ये पाणी आपोआप चढून सिलिंडरमध्ये जातं. दुसरं, सेट सुरू होत नाही म्हणून सेल्फ मारत राहू नका. इंजिन चालत नसलं तरी पंप पाणी ढकलत असतो, धूर नसल्याने ते बाहेर जात नाही आणि उलटं इंजिनात येतं. दोन-तीन प्रयत्नांत सुरू झाला नाही तर पाण्याचा व्हॉल्व बंद करा, मग कारण शोधा. सुरू झाला की लगेच व्हॉल्व उघडा.

डिझेल

पंपावरून कॅनमधून आणलेलं डिझेल बारीक जाळीच्या गाळणीतूनच टाकीत घाला. टाकीपाशी बंद करायचा व्हॉल्व, पुढे पाणी वेगळं करणारा काचेच्या वाटीचा फिल्टर, मग इंजिनावरचा फिल्टर. टाकीची हवेची नळी बोटीच्या बाहेर, तोंड खाली वळवून काढा. टाकी अर्धी ठेवली की आतल्या भिंतींवर रात्री दव धरतं आणि तळाला पाणी साचतं. त्या पाण्यात जंतू वाढून काळा चिकट थर तयार होतो आणि फिल्टर तुंबतात. वाटीत पाणी दिसलं की सोडून द्या, बाटलीत, पाण्यात नव्हे.

वायरिंग

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पण त्यालाही पुढचं सांगा, कारण घरांची वायरिंग करणाऱ्याला बोटीचा अनुभव असेलच असं नाही.

खाऱ्या पाण्यातून वीज माणसाच्या शरीरापेक्षा सहज जाते, म्हणून गळती झाली तरी करंट बराचसा माणसाला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात उलटं आहे. शरीर पाण्यापेक्षा चांगला वाहक ठरतो आणि करंट शरीरातूनच रस्ता काढतो. १०-२० मिलिअँपिअरने स्नायू आखडतात, पोहणाऱ्याला हात मारता येत नाही आणि तो बुडतो. बघणाऱ्यांना वाटतं पोहता येत नव्हतं. सर्वांत मोठा धोका किनाऱ्यावरून बोटीला केबल घेतली असेल तेव्हा असतो, कारण गळलेला करंट पाण्यातून किनाऱ्याच्या अर्थिंगकडे धावतो. म्हणून किनाऱ्याची केबल जोडलेली असताना किंवा सेट चालू असताना बोटीभोवती कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. पाहुणे उन्हाळ्यात लाँचवरून उड्या मारतातच, तेव्हा ही सक्ती तुम्हालाच करावी लागेल.

सेटच्या आउटपुटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. आता मेख इथे आहे. बऱ्याच छोट्या सेटमध्ये न्यूट्रल कशालाच जोडलेलं नसतं. अशा सेटवर आरसीसीबी लावला तरी पहिल्या गळतीला तो पडत नाही, नुसता शोभेला राहतो. न्यूट्रल सेटच्या फ्रेमला जोडायचं आणि फ्रेम बोटीवरच्या सगळ्या धातूच्या भागांना, म्हणजे इंजिन, टाकी आणि लोखंडी हल (बोटीचं अंग) यांना, जाड वायरने जोडायची. किनाऱ्याची वीज घेत असाल तर न्यूट्रल आणि फ्रेमची जोडणी त्या वेळी आपोआप सुटली पाहिजे. म्हणून चेंजओव्हर स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्या. नुसती फेज बदलणारा स्वस्तातला स्विच इथे चालत नाही.

५ केव्हीएला पूर्ण लोडवर २१-२२ अँपिअर होतात. ४ चौ. मिमीची तांब्याची, बारीक तारांची लवचीक केबल आणि २५ अँपिअरचा एमसीबी घ्या. घरात वापरतात ती एकाच जाड तारेची वायर थरथरीने तुटते. प्रत्येक टोकाला थिंबल (तारेवर बसणारी धातूची टोपी) दाबून घ्या, नुसती तार पिळून स्क्रूखाली घालू नका. सुरू करायची बॅटरी वेगळी ठेवा, घरगुती वापराची वेगळी. नाहीतर रात्री पंख्यांनी बॅटरी संपवली की सकाळी सेल्फ फिरत नाही.

सेटजवळ, पण सेटच्या खोलीबाहेर, एक अग्निशामक टांगा. आग लागली तर झाकण न उघडता आत फवारता यावं म्हणून खोलीच्या भिंतीला एक छोटं झडपेचं भोक ठेवतात. झाकण उघडलं की आगीला हवा मिळते.

पहिल्यांदा सुरू करताना

ऑइल, कूलंट आणि डिझेल भरा. मग डिझेलमधली हवा काढा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू थोडा ढिला करा, हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. पाण्याचा व्हॉल्व उघडा. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर थांबा.

सुरू झाल्यावर आधी ऑइल प्रेशर, मग ओल्या सायलेन्सरमधून पाणी पडतंय का ते. अर्ध्या मिनिटात पाणी दिसलं नाही तर बंद करा. दोन-तीन मिनिटं बिनलोड, मग एकेक वस्तू लावा. व्होल्टमीटर २३० च्या आसपास आणि फ्रिक्वेन्सी ५० च्या आसपास राहायला हवी. लोड टाकल्यावर फ्रिक्वेन्सी फार पडत असेल तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) किंवा डिझेलचा पुरवठा तपासा.

पहिले ५० तास लोड निम्मं ते पाऊण ठेवा, आणि ५० तासांनी ऑइल-फिल्टर बदला. नव्या इंजिनाची घासलेली धातूची भुकटी त्या ऑइलमध्ये असते.

रोज आणि तासांनी

रोज सकाळी डिपस्टिक, कूलंट, डिझेल फिल्टरची वाटी आणि गाळणी बघा. पाणी उतरलेल्या महिन्यांत गाळणी दिवसातून दोनदा. बंद करताना आधी लोड काढा, तीन-चार मिनिटं तसाच चालू द्या, मग बंद.

ऑइल आणि त्याचा फिल्टर कंपनी सांगेल तितक्या तासांनी, छोट्या सेटला सहसा १०० ते २५० तास, किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. इम्पेलर दर हंगामाला नवा, दिसायला चांगला असला तरी. अवरमीटरचं (सेट किती तास चालला ते दाखवणाऱ्या मीटरचं) वाचन आणि काय केलं ते वहीत लिहा. काढलेलं ऑइल डब्यात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्या अधिकृत माणसाला द्या.

धूर वाचायला शिका. काळा म्हणजे लोड जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थंडीच्या सकाळी क्षणभर असतो, तो चालतो. तापल्यावरही पांढरा राहिला तर इंजेक्टर बिघडलेला किंवा सिलिंडरमध्ये पाणी, आणि मग मेकॅनिकला बोलवा.

डब्यात ठेवा : इम्पेलर आणि त्याचं गॅस्केट, बेल्ट, दोन्ही डिझेल फिल्टर, ऑइल फिल्टर, फ्यूज, होज क्लिप, ५ लिटर ऑइल. जवळचं दुकान तासा-दीड तासावर आहे.

जूनमध्ये बंद, ऑक्टोबरात सुरू

या भागात सेट चालवण्याने जितके खराब होतात त्याहून जास्त पावसाळ्यात पडून राहण्याने होतात. बोट वर ओढण्यापूर्वी ऑइल बदला, जुन्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगांवर बसू देऊ नका. टाकी काठोकाठ भरा. फिल्टरची वाटी रिकामी करा. इम्पेलर काढून घ्या, एकाच जागी दाबून राहिला की त्याच्या पाकळ्या वाकड्या होतात. सायलेन्सरचं आणि एअर फिल्टरचं तोंड कापडाने बंद करा, नाहीतर कुंभारमाशी घर करते. आणि सेल्फच्या बटणावर ‘कापड काढा’ अशी चिठ्ठी चिकटवा. बॅटरी घरी न्या, दर महिन्याला चार्ज करा.

ऑक्टोबरमध्ये उघडल्याबरोबर सेल्फ मारू नका. अल्टरनेटरच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाच्या, वाइंडिंगमध्ये चार महिन्यांचा दमटपणा असतो. वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजून घ्या, त्याआधी एव्हीआरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटच्या) वायरी सोडवा, नाहीतर तो जळतो. वाचन १ मेगओहमच्या खाली आलं तर कॅनॉपीत १०० वॅटचा पिवळा बल्ब दिवसभर पेटता ठेवा, दारं किंचित उघडी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. वाचन वर आलं की नवा इम्पेलर बसवा, वाटीतलं पाणी सोडा, हवा काढा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. तो पडला नाही, तर बदलेपर्यंत त्या बोटीवर प्रवासी घेऊ नका.